खोलीच्या वहीतला राजाराम

वनमाला घाडीला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थिनी व्हायची हौस आली, तेव्हा घाटकोपरच्या भटवाडीत तिच्या चाळीतलं कुणी तोंडावर हसलं नाही. पाठीमागे मात्र पोटभर हसून घेतलं. लग्न केलेलं नाही, मरोळच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत बावीस वर्षं पुस्तकांवर शिक्के मारून झाले, घरी पंचाहत्तरीचा बाप, आणि आता या बाईला कुठली पदवी मिरवायचीय? पण लोकांचं सोडा. खरं सांगायचं तर वनमाला थोडीफार हसण्यासारखी होतीच. दुधाची पिशवी हातात धरून ती जिन्यात उभी राहायची ती राहायचीच. काय बघतेस म्हणून विचारलं तर ओशाळून म्हणायची, "काही नाही गं, असंच." आणि ते खरंच असंच असायचं. भिंतीवरच्या ओलीत तिला एखादी नदी दिसलेली असायची आणि त्या नदीकाठी कोण राहत असेल, यात तिची दहा मिनिटं गेलेली असायची.

अशा बाईला ग्रंथालय आणि माहितीशास्त्राच्या मास्टर्सला घातलं तर काय होणार? बाकीची मुलं नोट्स उतरवायची, ही खिडकीबाहेर बघायची. वर्ग शनिवार-रविवार असायचे. मुलुंडची रुचिरा आणि बोरिवलीचा ओजस तिच्या आजूबाजूला बसायचे, दोघं तिच्या निम्म्या वयाचे. ती त्यांना डबा द्यायची आणि ते दोघं तिला लॅपटॉप शिकवायचे, असा त्यांचा सरळ व्यवहार होता.

मग एका शनिवारी कुंदा मॅडमनी लिंक्ड ओपन डेटा शिकवायला घेतला आणि वनमालाची खिडकी बंद झाली. म्हणजे खिडकी होती तिथेच, पण बाहेर बघायची गरज उरली नाही. कुंदा मॅडम चष्मा डोक्यावर चढवून तोच चष्मा टेबलावर शोधणाऱ्यांपैकी, पण बोलायला लागल्या की लख्ख बोलायच्या. त्या म्हणाल्या, "प्रत्येक गोष्टीला एक कायमचा पत्ता द्या. माणसाला, गावाला, पुस्तकाला, अगदी चाळीतल्या खोलीलासुद्धा. मग दोन पत्त्यांमधलं नातं सांगा. हा माणूस या गावचा. हा या खोलीत राहिला. बस, इतकी छोटी वाक्यं. आणि ती कुलपात ठेवू नका, सगळ्यांसाठी उघडी करा. तुम्ही इथे जोडलेला धागा उद्या जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पुढे जोडेल."

त्या दिवशी मेट्रोने घरी येताना वनमाला दाराला टेकून उभी होती. खाली साकीनाक्याची छपरं सरकत होती, निळ्या ताडपत्र्या, त्यांच्यावर ठेवलेले टायर, एक मांजर. तिला वाटलं, हे मांजर त्या छपरावरचं. ते छप्पर त्या बाईचं. ती बाई कुठल्या तरी गावची. असल्फा येईपर्यंत अख्ख्या टेकडीवर बारीक बारीक धागे ताणले गेले होते आणि संध्याकाळच्या धुरकट उजेडात ते तिला जवळजवळ दिसत होते. घाटकोपर आलं, सगळे उतरले, ही तशीच उभी. शेवटी सिक्युरिटीवाल्याने "मॅडम, लास्ट स्टेशन" म्हटलं तेव्हा ती भानावर आली.

प्रबंधाचा विषय तिने कुणाला न विचारता ठरवला. तिच्या बापाचं गाव कणकवलीकडचं बावखोल. गावचे पुरुष मिलमध्ये लागायला मुंबईला यायचे आणि लालबागला गावाच्या मालकीची एक खोली होती तिथे पथारी टाकायचे. दहा बाय बाराची खोली आणि माणसं पंचवीस. एक पाळी कामावर गेली की दुसरी झोपायची, म्हणून जमायचं. बावखोल ग्रामस्थ मंडळ या खोलीचा कारभार बघायचं आणि वह्या लिहायचं. चाळ पडली तेव्हा त्या वह्यांची ट्रंक वाकोल्याला रतन मेस्त्रींच्या पोटमाळ्यावर गेली. मेस्त्री मंडळाचे शेवटचे चिटणीस. आता ऐंशी उलटलेले आणि ट्रंक कुणीतरी न्यावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेले. वनमालाने त्यातल्या दोन वह्या उचलल्या. एक खोलीची वही. खोलीत कोण आलं, कधी आलं, कुठल्या मिलमध्ये, कुठल्या खात्यात, तिकीट नंबर काय, सगळं त्यात. दुसरी पंचाहत्तर सालची घरपत्रकाची वही. गावात शाळा बांधायची म्हणून मंडळाने घरोघरची माणसं लिहून घेतली होती, हयात कोण आणि मयत कोण यासकट. या दोन वह्या एकमेकींना जोडायच्या आणि जगाला उघड्या करायच्या, एवढंच तिचं काम.

एवढंच म्हणायचं आपलं. नऊ महिने गेले त्यात. तीनशे बारा माणसं होती. वनमाला लायब्ररीतून यायची, बापाला चहा द्यायची आणि लॅपटॉप उघडून एकेका माणसाला पत्ता द्यायला बसायची. पाच पाच धाकू, चार चार राजाराम, आजोबाचं नाव नातवाला, आणि घाडी तर पावलोपावली. कुठला कुठे जोडायचा? पण ती रमली होती. एखादा माणूस दोन्ही वह्यांत सापडला आणि धागा बसला की तिला अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं व्हायचं. पथारीवर पडलेला कुणी पांडू उठून बसतोय, आणि तिकडे गावच्या घरात त्याची आई हातातलं काम टाकून बघतेय, असं काहीबाही दिसायचं. असल्या वेळी तिला हाक मारली तर ती "आले" म्हणायची आणि यायची नाही.

तिचा बाप धाकू घाडी हे सगळं लांबून बघायचा. मुलीने अभ्यास करावा याचं त्याला कौतुक होतं, पण नेमका कसला अभ्यास ते त्याने विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. तिला सगळं जोडून झाल्यावर दाखवायचं होतं. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हाताऱ्याला. तिची हौस!

डिसेंबरात तिने सगळा डेटा तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये घातला. त्याने अकरा चुका काढल्या. दहा किरकोळ निघाल्या. अकरावी बघून ओजस खुर्चीतून उठलाच.

"ताई, तुमच्या डेटात मेलेला माणूस बारा वर्षं पाळी करतोय. झकास!"

"कोण रे?"

"राजाराम घाडी. घरपत्रकात मयत, एकोणीसशे सत्तर. आणि खोलीच्या वहीत विणकाम खातं, पासष्टपासून संपापर्यंत. संप म्हणजे ब्याऐंशी ना? हा बाबा मेल्यावरसुद्धा खाडा करत नव्हता."

वनमालाला हसू आलं आणि मग ते थांबलं, कारण घराचं नाव आणि बापाचं नाव जुळत होतं. हा राजाराम तिचा सख्खा काका. गावच्या घरात देवाच्या खोलीबाहेर त्याचा फोटो होता, तेल लावून मागे फिरवलेले केस, डोळे जरा घाबरलेले. तरुणपणी गेला, लग्न झालेलं नव्हतं, एवढंच तिला ठाऊक. कधी गेला हे घरात कुणी बोलायचं नाही आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

इथे वनमालाने चूक केली. कोणीही केली असती. खोलीची वही दर वर्षी लिहिलेली, मिलच्या तिकिटासकट. घरपत्रक गावच्या कुणा मास्तरने एका सुट्टीत घाईघाईने भरलेलं. मग चुकणार कोण? मास्तर. तिने काकाच्या नावापुढचं सत्तर साल पुसलं. प्रोग्रॅम गप्प झाला. राजाराम घाडी ब्याऐंशीपर्यंत जगला.

पण मग तिने बापाचं नाव उघडलं. भरताना पाच धाकूंच्या गर्दीत तिने ते नीट बघितलंच नव्हतं.

धाकू घाडी. खोलीत आला, एकोणसत्तर. मिल, कोरं. खातं, कोरं. तिकीट, कोरं. पंचवीस माणसांच्या खोलीत चोवीसजणांपुढे मिल होती आणि एकट्या तिच्या बापापुढे नव्हती. संपापर्यंत दर वर्षीच्या पानावर तसंच.

आता हे समजून घ्या. वनमालाचं लहानपण मिलवर पोसलेलं होतं. ती पाच-सहा वर्षांची असताना मिल सुटलेली होती, बाप साकीनाक्याला वॉचमन होता, पण झोपवताना तो मिलच सांगायचा. चार माग एकटा सांभाळायचो. कापूस नाकात जायचा. मागाच्या आवाजात बोलता यायचं नाही म्हणून माणसं ओठ वाचायची. ती त्या आवाजात झोपी जायची. तिला स्वप्नं बघायची खोड लागली ती तिथूनच. आणि आता वही सांगत होती की हा माणूस मिलमध्ये कधी नव्हताच. मग काय करत होता तो बारा वर्षं? दुसऱ्याच्या गोष्टी आपल्या म्हणून सांगत होता? वनमालाला राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती. आपण ज्याच्यावर उभे आहोत ते कुणीतरी हळूच काढून घेतंय असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने विचारलंच. "बाबा, तुमचा तिकीट नंबर किती हो?"

धाकूची बशी ओठापाशी थांबली. "कित्याक?"

"असंच. मी खोलीची वही कॉम्प्युटरवर घेतेय ना. आपल्या गावची."

"ती वही कोणी दिल्यान तुका?"

"मेस्त्रीकाकांनी. अभ्यासासाठी. जानेवारीअखेर ती सगळ्यांना दिसेल, जगात कुणालाही. त्यात तुमच्यापुढे मिलच नाहीये."

धाकूने बशी खाली ठेवली. "ता पुसून टाक. माझा नाव काढून टाक थयसून."

"अहो पण का?"

"काढून टाक सांगतंय ना!" तो इतक्या जोरात कधी बोलला नव्हता. गॅलरीतल्या कबुतरांनीसुद्धा जागा सोडली. मग तो उठला, पायात चपला घातल्या आणि खाली जाऊन चाळीच्या नळापाशी बसून राहिला. त्या दिवसापासून दोघांमध्ये कामापुरतं बोलणं. जेवायला वाढलंय. गॅस संपलाय. बापलेकीच्या घरात दोनच माणसं असतात, त्यातली दोन्ही गप्प बसली की घड्याळाचा फार त्रास होतो.

कुंदा मॅडमना तिने सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा शोधला, डोक्यावर सापडला, मग म्हणाल्या, "वनमाला, आपल्याकडे एक गोष्ट लक्षात ठेवायची. एकदा उघडं केलं की परत घेता येत नाही. कुणीतरी उतरवून घेतं, कुणीतरी त्याला आपलं काही जोडतं. म्हणून शंका असेल तर जोडायचं नाही."

"आणि शंका नसेल तर?"

"तर ज्याचं आहे त्याला विचारायचं."

विचारायचं कसं? म्हातारा तर नळापाशी बसलेला. पण एका रविवारी सकाळी काय झालं, मच्छरदाणीची दोरी तुटली. धाकूने ती तुटकी टोकं हातात घेतली. वनमाला भाजी निवडत होती, सहज तिचं लक्ष गेलं. त्याने दोन टोकं अंगठ्याखाली एकावर एक धरली, बोट एकदा फिरलं, आणि गाठ बसली. एका हाताने, न बघता, चिमटीएवढी सपाट गाठ. तिने ताणून बघितली, सुटेना. असली गाठ वॉचमनला येत नाही. ही हजारो वेळा मारलेली गाठ होती, चालू मागावर, तुटलेल्या सुताला.

म्हणजे बाप मिलमध्ये होता. मग खोटं बोलत होती ती वही.

वनमाला तशीच उठली आणि रिक्षा करून वाकोल्याला गेली. चेंबूरकडून येणाऱ्या उंच रस्त्यावर रिक्षा चढली तेव्हा खाली मिठी नदी काळी आणि सुस्त पडली होती, उन्हात चमकत होती. तिला वाटलं आपण पाण्याच्या तळाशी काही पडलंय ते काढायला चाललोय, आणि ते वर येऊ नये असंही थोडं वाटलं.

रतन मेस्त्रींनी तिचं ऐकून घेतलं. मग पोटमाळ्यावर बोट दाखवून म्हणाले, "थय आणखी एक वही हा. दुखवट्याची. काढ."

गावात किंवा मुंबईत कोणी गेलं की मंडळ रविवारी जमायचं आणि दुखवट्याचा ठराव लिहायचं. अमुक तमुक यांच्या निधनाने मंडळास दुःख झाले आहे, आणि खाली सह्या. वनमालाने सत्तर साल काढलं. २३ ऑगस्ट १९७०. तारीख होती. खाली तेवीस माणसांच्या सह्या आणि अंगठे होते. पानाचा मधला भाग कोरा होता. एक अक्षर नाही.

"हे काय, काका?"

"ठराव झालेलो. लिवचो नाय असा ठरला होता." मेस्त्रींनी खालच्या एका अंगठ्यावर बोट ठेवलं. "ह्यो माझ्या बापाशीचो. सगळे गेले आता. शाळेच्या मास्तराक लपवक कोणी सांगूक नाय, म्हणान तेणी घरपत्रकात खरा लिवल्यान."

"काय खरं?"

"ता मी नाय सांगूचो. बापाशीक इचार तुझ्या."

तेवीस सह्या, आणि धाकू घाडीची त्यात नव्हती. घरी येईपर्यंत वनमालाला अर्धं कळलं होतं. उरलेलं अर्धं तिला ऐकायचं होतं आणि ऐकवत नव्हतं. तिने वही बापाच्या मांडीवर ठेवली, ते पान उघडून. दुपार होती, चाळ झोपली होती, कुठेतरी कुणाच्या तरी रेडिओची कुरकुर. धाकूने त्या अंगठ्यांवरून हात फिरवला, एकेकावरून, आणि न विचारता बोलायला लागला.

"राजारामाक छातीचो आजार झालो. गावाक जावक होया होता. पण जागा सोडली तर गेली, भायेर शंभर जण उभे. तेणी आपला तिकीट माझ्या खिशात घातल्यान. म्हणालो, धाकू, मी परत येयसर तू राजाराम. आमी दोघय दिसाक सारके. मी गेलंय कामार. कोणाक कळला नाय."

"मग?"

"मगे श्रावणात शनिवारी दुपारी गावासून माणूस इलो. सांगल्यान, राजाराम गेलो. नारळी पुनवेनंतर दोन दिवसांनी." त्याने वही जवळ ओढली. "माझी त्या दिवशी दुसरी पाळी. साडेतीनचो भोंगो. खोलयेत सगळे माझ्याकडे बघतत. मी काय करू? डोक्या भादरू? मिलात इचारतले, कोण गेलो? काय सांगू? राजाराम मेलो म्हणान राजारामान डोक्या कसा भादरूचा?"

वनमाला त्याच्याजवळ सरकून बसली.

"मी कामार गेलंय. चार माग चालवलंय. जॉबर म्हणजे मुकादम, तो भायलो, तेका काय म्हायत, तेणी हाक मारल्यान, ए राजाराम! मी म्हटलंय, ओ. मेलेल्या भावाच्या नावान ओ दिलंय, वनू. बारा वर्सा दिलंय. संप झालो तवाच सुटलंय." त्याने वही मिटली. "म्हणान सांगतंय, पुसून टाक. लोक म्हणतले, धाकू घाड्यान भावाचा नाव चोरल्यान. भावाक जाळूक नाय गेलो, सुतक पाळूक नाय, नाव मात्र खाल्ल्यान."

वनमालाला भडभडून आलं. त्याच्यासाठी आलं, त्या घाबरलेल्या डोळ्यांच्या फोटोसाठी आलं, आणि स्वतःसाठीही, कारण चार दिवस तिने या माणसाला खोटारडा ठरवून टाकलं होतं. ती म्हणाली, "बाबा, नाही घालत मी. तुमचंही नाही आणि काकाचंही नाही. दोघं काढून टाकते. मला मार्क कमी मिळाले तरी चालेल."

कुंदा मॅडमनीही ते मान्य केलं. तीनशे बाराचे तीनशे दहा होतील, प्रस्तावनेत एक ओळ टाका, म्हणाल्या. वनमालाने दोन्ही नावं बाजूला काढली. पण त्यांचे धागे काढताना तिला फार लागलं. घरातून माणसं काढावी तसं झालं. रात्रीची झोप लागली तरी दिवसा डोळे मिटले की तिला ती खोली दिसायची, पथाऱ्या टाकलेल्या, आणि दोन पथाऱ्या कोऱ्या, पांढऱ्या. कुणीच त्यांच्यावर पाय देत नव्हतं.

सव्वीस जानेवारीला सुट्टी होती. खाली मैदानात झेंडावंदन होऊन गेलं होतं, पोरं बिस्किटांचे पुडे घेऊन जिन्यातून धावत होती. वनमाला डेटा पाठवायला बसली होती. एक बटण दाबायचं बाकी होतं. धाकू न्हाऊन, स्वच्छ धोतर नेसून तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"ह्येत मेलेलो माणूस मेलेलो म्हणान लिवतत?"

"हो. मृत्यूचं साल असतं. दिवससुद्धा घालता येतो."

"राजारामाचो खय लिवलेलो नाय." तो स्टूल ओढून बसला. "गावात तेवा कोणी दाखलो काढूक नाय. मंडळान लिवूक नाय. मी सांगूक नाय. तो मेल्याचा खयच लिवलेला नाय बघ. ह्या एका मास्तराच्या वहीत सोडून."

आणि ते एक साल आपण पुसलं होतं, हे वनमालाला आठवलं. तिने ते कधी त्याला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. त्याने नुसती मान हलवली. रागावला नाही.

"घाल मगे," तो म्हणाला. "राजाराम सोना घाडी. मेलो, एकोणीसशे सत्तर, ऑगस्ट. एकोणीस तारीख."

तिने लिहिलं. एक आकडा चुकला, तो पुन्हा लिहिला. मग तिने बापाचं नाव परत आणलं आणि विचारलं, "आणि मिलचं काय लिहू? धाकू घाडीने राजारामच्या नावाने काम केलं, असं?"

धाकू विचारात पडला. स्क्रीनवर त्या दोन नावांच्या मध्ये रिकामी जागा होती, आणि ती जागा त्याला नीट दिसत होती असं वाटलं. "नाय," तो म्हणाला. "तसा नको. तेणी दिल्यान ना माका? मी चोरूक नाय. तेच्यापासून सुरू कर. राजारामान धाकूक नाव दिल्यान."

असं नातं कुठल्याही यादीत नव्हतं. कुंदा मॅडमनी शिकवलेल्या तयार शब्दांत आई होती, बाप होता, मालक होता, नोकर होता, नाव देणारा नव्हता. वनमालाने नवीन केलं. प्रोग्रॅमने वर्णन मागितलं, तर तिने साध्या मराठीत लिहिलं: एका माणसाने आपली जागा आणि आपलं नाव दुसऱ्याला सांभाळायला दिलं. राजाराम घाडी, नाव दिलं, धाकू घाडी. राजारामचं विणकाम खातं सत्तरपाशी थांबवलं, आणि मग धाकू घाडी, विणकाम खातं, सत्तर ते ब्याऐंशी. तीनशे बारा पुन्हा पुरे झाले.

"दाबू?"

"दाब."

तिने दाबलं. एक रेघ भरत गेली आणि पान उघडलं. वर कायमचा पत्ता, त्याखाली काकाचं नाव, जन्म, गाव, मृत्यू.

"आता ह्या सगळ्यांका दिसता?"

"सगळ्यांना."

धाकूने चष्मा नीट केला आणि ते पान वाचलं. एकेक अक्षर जोडत वाचायचा तो, ओठ हलवत. खालपर्यंत वाचून झाल्यावर पुन्हा वरून वाचलं. मग उठला आणि मोरीत गेला. वनमाला खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे बघत बसली होती. ऊन लादीवरून हळूहळू पुढे सरकत होतं आणि तिला खूप हलकं, थकल्यासारखं वाटत होतं. मोरीत बादली भरत होती ते ऐकू येत होतं, पण तिच्या लक्षात येत नव्हतं. मग पाणी पडल्याचा आवाज झाला. एक तांब्या, दुसरा, मग अख्खी बादलीच ओतल्यासारखा.

ती धावत गेली. धाकू मोरीत उभा होता, स्वच्छ धोतर आणि बंडी अंगावर तशीच, डोक्यावरून पाणी निथळत होतं. जानेवारीचं थंडगार पाणी. तो काकडत होता.

"बाबा, अहो काय करताय? सकाळी आंघोळ झाली ना तुमची?"

"भाव गेलो गो माझो," धाकू म्हणाला, आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा वाकडा झाला. "बातमी इली. डोक्यावरसून पाणी घेवक नको?"

त्याने वाकून पुन्हा नळ सोडला. वनमाला टॉवेल घेऊन दारात उभी राहिली, आणि पाण्याच्या आवाजात तिचा बाप चोपन्न वर्षांनी आपल्या भावासाठी मोठ्याने रडला.